कानाला किसणी



दिवाळीच्या सुट्टीत माझी भाची आमच्याकडे राहायला आली होती. नववीत आहे. शाळेने सुट्टीचा अभ्यास म्हणून इंग्रजी शब्दांची एक यादी दिली होती. प्रत्येक शब्दापुढे त्याच अर्थाचे चार शब्द लिहायचे आणि एकेक वाक्य करायचे. त्यातल्या एका शब्दाशी अडली आणि वही घेऊन माझ्याकडे आली.

"मामा, ग्रेटिंग म्हणजे काय हो? मी 'मोठेपणा' लिहिलं तर दादा खो खो हसतोय."

मला हसू आले नाही. चूक पोरीची नव्हती, इंग्रजीची होती. त्या भाषेत 'ग्रेट' असा एकच उच्चार असलेले तीन शब्द आहेत आणि तिघांचा एकमेकांशी काही संबंध नाही. एक ग्रेट म्हणजे थोर, मोठा. तो आपण सगळे जाणतो, क्रिकेटच्या समालोचनात दर दोन मिनिटांनी ऐकतो. दुसरा ग्रेट म्हणजे लोखंडी जाळी, चुलीतली किंवा गटारावरची. तो लॅटिन भाषेतल्या विणलेल्या कुडाच्या शब्दावरून आला. आणि तिसरा ग्रेट म्हणजे किसणे, खरवडणे. तो जुन्या फ्रेंच भाषेतून आला.

स्वयंपाकघरात भाचीची मामी करंज्यांसाठी सुके खोबरे किसत बसली होती. खर्र खर्र असा आवाज चालला होता. मी पोरीला म्हटले, "तो आवाज ऐक. मामी करते आहे ते ग्रेट करणे. आता हीच किसणी खोबऱ्यावर न फिरता तुझ्या कानावर फिरली तर जसे वाटेल, तशा आवाजाला इंग्रज माणूस ग्रेटिंग म्हणतो."

पोरीला पटले. मामीला पटले नाही. ती म्हणाली, "माझ्या किसणीचा आवाज कुणाच्या कानाला लागत नाही, करंज्या खाताना तर मुळीच नाही." असो.

आता तुम्ही म्हणाल, हरभऱ्यावरची घाटे अळी सोडून साहेबांनी या आठवड्यात इंग्रजीचा तास का काढला? कारण त्या रात्री मला झोप आली नाही. या एका शब्दाने मी एकदा मार खाल्लेला आहे, आणि माझ्यापेक्षा जास्त मार दुसऱ्या एका घराने खाल्ला आहे. ती हकिकत इतकी वर्षे मी या सदरात लिहिली नव्हती. आज लिहितो.

१९९८ सालची गोष्ट. राहुरीहून पदवी घेऊन नोकरीला लागलो त्याला तीन वर्षे झाली होती. हाताखाली बारा-चौदा गावे, फिरायला एक जुनी मोटारसायकल आणि अंगात भारी उत्साह. विहिरीवरच्या विद्युत पंपांच्या देखभालीविषयी एक इंग्रजी पुस्तिका हाती आली. ती मराठीत करून, एका पानाचे पत्रक छापून गावोगाव वाटायचे असे मी ठरवले. पुस्तिकेत एक वाक्य होते, त्याचा भावार्थ असा : मोटारीतून ग्रेटिंग किंवा कोणताही नेहमीपेक्षा वेगळा आवाज आला तर मोटार ताबडतोब बंद करा. मी शब्दकोश उघडला. ग्रेटिंग म्हणजे कर्कश. झाले. पत्रकात मोठ्या अक्षरांत छापले : 'मोटारीतून कर्कश ध्वनी आल्यास ती त्वरित बंद करावी.' 'नेहमीपेक्षा वेगळा' हे शब्द जागा पुरेना म्हणून गाळले. भाषा शुद्ध, छपाई सुबक, साहेब खूष.

माघ महिन्यात एका वस्तीवर गेलो. तिथल्या शेतकऱ्याचा एक एकर गहू चिकात आला होता. दाणा भरण्याची ही वेळ. पाण्याचा ताण पडला तर दाणा बारीक राहतो, हे मी तुम्हांला सांगायला नको. वस्तीवर पोचलो तर विहिरीजवळ माणसे उभी आणि हवेत जळक्या रोगणाचा वास. पाच अश्वशक्तीची मोटार जळाली होती. तीन फेजांपैकी एक फेज गेली आणि मोटार उरलेल्या दोन फेजांवर चालत राहिली. तासभर गडी पाणी दारे धरत होता. पाणी कमी आले म्हणून तो विहिरीकडे आला, तोवर धूर निघत होता.

मी अनुभवी माणसाच्या थाटात विचारले, "आवाज आला नाही का? पत्रक वाचलं नव्हतं?"

शेतकरी मान खाली घालून गप्प राहिला. उत्तर दिले ते त्याच्या कारभारणीने. त्या वहिनींनी ते पत्रक घरातल्या भिंतीला खळ लावून चिकटवलेले होते.

"वाचलं होतं की साहेब. पोरानं मोठ्यानं वाचून दाखवलं. त्यात कर्कश आवाज लिहिलंय. कर्कश म्हंजी कावळ्यावानी, किंचाळल्यावानी, न्हवं का? आमची मोटार किंचाळलीच न्हाई. नुसती घुमत हुती. घागरीत तोंड घालून कुनी हुंकार द्यावा तशी. म्या ह्यांस्नी म्हनलं बी, की आज मोटार येगळीच बोलतिया. तर हे म्हनले, कागदात कर्कश लिहिलंय, घुमण्याचं कायबी लिहिलं न्हाई."

मोटारीची गुंडाळणी भरून यायला नऊ दिवस लागले. शेजाऱ्याने दोन पाळ्या पाणी दिले, पण ते अर्ध्या वावरालाही पुरले नाही. उरलेल्या गव्हाचा दाणा पोचट झाला. त्या वर्षी त्या घरातल्या थोरल्या मुलीचे लग्न ठरलेले होते, ते पुढे ढकलावे लागले. माझ्या तोंडावर मला कोणी काही बोलले नाही. चहा दिला, मी तो प्यालो. बाईच्या कानाने मोटारीचे दुखणे अचूक ओळखले होते, आणि माझ्या कागदाने त्या कानाला खोटे पाडले होते.

त्या दिवसापासून मी पत्रकात 'कर्कश' हा शब्द लिहिलेला नाही. आणि आवाजांचे शब्द टिपून ठेवायला एक वही केली. पोरीच्या वहीसारखीच, पण इंग्रजी नव्हे, मराठी. ती उघडून बसलो म्हणूनच झोप गेली.

इंग्रजीत या एका शब्दाचे भाऊबंद बरेच आहेत. हार्श म्हणजे कठोर. रास्प म्हणजे मूळची जाड दातांची कानस, आणि लाकडावर ती फिरताना येतो तसा आवाज. क्रीक म्हणजे बिजागरीची किंवा जिन्याची कुरकुर. स्क्रीच म्हणजे किंचाळी, मग ती घुबडाची असो वा मोटारगाडीच्या ब्रेकची. होर्स म्हणजे बसलेला, घोगरा आवाज. घोड्याचा आणि याचा उच्चार इतका जवळचा की भाचीने 'माझा घसा घोडा झाला आहे' असे वाक्य करून ठेवले होते! जॅरिंग म्हणजे दाणकन हादरवणारा. आणि स्ट्रायडर हा शब्द डॉक्टरांचा. श्वासनलिका अरुंद होऊन श्वास आत घेताना जो घोर लागतो त्याला ते असे म्हणतात. भाचीचे चार शब्द भरले आणि वर तीन उरले.

पण आपली भाषा याबाबतीत काही गरीब नाही, उलट श्रीमंत आहे. आपण आवाजाचे वर्णन करत बसत नाही, आवाजच उच्चारून दाखवतो. करकर, कुरकुर, किरकिर, खरखर, घरघर, खडखड, चरचर, कचकच. परक्या माणसाला हे सगळे सारखेच वाटतील. शेतावरच्या माणसाला ते आठ वेगळे शब्द आहेत आणि प्रत्येकाची जागा ठरलेली आहे. बैलगाडीचे चाक करकरते, कारण आख कोरडा पडला आहे आणि त्याला वंगण हवे आहे. झोपाळ्याची कडी कुरकुरते. भाकरीत बारीक खडा असला तर दाताखाली कचकच होते. जाते घरघरते ते चांगले. पण त्याच जात्याची घरघर जाऊन नुसती गुळगुळीत सरसर ऐकू आली, तर टाकी लावायची वेळ झाली हे आमच्या आईला पीठ हातात न घेताही कळत असे. 'कर्कश' हा एकच शब्द या आठांवर पांघरूण म्हणून घातला तर खालचे सगळे झाकले जाते. मी नेमके तेच केले होते.

आता कामाचे बोलू. विहिरीवरचा आपला नेहमीचा पंप चार तऱ्हांनी बोलतो. त्या चार तऱ्हा घरातल्या प्रत्येकाला ठाऊक असाव्यात. गड्याला, पोरांना आणि बायकांना विशेष, कारण पाणी सुरू असताना मालक पुष्कळदा बाजारात असतो.

पहिली तऱ्हा घुमण्याची, म्हणजे वहिनी म्हणाल्या ती. बटण दाबले आणि मोटार न फिरता नुसती हुंकारली, किंवा चालता चालता तिचा सूर जड झाला, की एक फेज गेली असे समजावे. तीन माणसांचे ओझे दोघांवर पडले की दोघे कण्हणारच. उरलेल्या दोन फेजांतून जास्त प्रवाह वाहतो, गुंडाळणी तापते आणि जळते. हा आवाज मोठा नसतो, म्हणूनच तो घात करतो. अशी मोटार पुन्हा पुन्हा चालू करून पाहू नये. एक फेज गेली की मोटार आपोआप बंद करणारे उपकरण बाजारात मिळते, त्याला सिंगल फेजिंग प्रिव्हेंटर म्हणतात. त्याची किंमत मोटार पुन्हा भरण्याच्या खर्चापेक्षा कितीतरी कमी आहे. काही जण कंडेन्सर लावून दोन फेजांवरच मोटार ओढतात. पाण्याची निकड मला कळते, पण त्यात मोटारीचे आयुष्य जाते आणि रोहित्रावरही भार येतो.

दुसरी तऱ्हा पंपात खडे हलवल्यासारखी. डब्यात वाळूचे खडे घालून डबा हलवावा, अगदी तसा आवाज. पुष्कळांना वाटते की पंपात खरोखर खडे गेले. पंप उघडून पाहावा तर आत काही नाही. हे खडे म्हणजे बुडबुडे असतात. पंप पाणी ओढतो म्हणजे खरे तर तो पाइपातला दाब कमी करतो आणि बाहेरची हवा विहिरीतले पाणी वर ढकलते. हवेचे हे बळ समुद्रसपाटीला जेमतेम ३४ फुटांचे, आणि प्रत्यक्षात पाइपातले घर्षण वजा जाता २० फुटांच्या आतच भरवशाचे. उन्हाळ्यात विहीर खाली जाते, पंप मात्र वरच्याच कट्ट्यावर राहतो. मग पंपाच्या तोंडाशी दाब इतका कमी होतो की थंड पाण्याचीच वाफ होऊन बुडबुडे धरतात, आणि पुढे पंख्यात दाब वाढला की ते फट् फट् फुटतात. प्रत्येक बुडबुडा धातूवर बारीक घण घालतो. पुढे कधी तो पंखा काढून पाहिला तर देवीचे व्रण आल्यासारखा दिसतो. उपाय सोपा आहे : पंप पाण्याच्या जवळ खाली घ्यावा. ओढीचा पाइप आखूड व सरळ ठेवावा आणि पंपाच्या तोंडापेक्षा लहान मापाचा लावू नये. तळच्या झडपेच्या जाळीत पालापाचोळा अडकला असेल तर तो काढावा. ही जाळीसुद्धा एक ग्रेटच, दुसऱ्या जातीची!

तिसरी तऱ्हा बेअरिंगची. सुरुवातीला बारीक घरघर, मग खरखर आणि शेवटी खरोखरच किंचाळी. माझ्या पत्रकातला कर्कश ध्वनी तो हाच, पण तो शेवटचा टप्पा. घरघरीला ऐकले तर काम ग्रीसवर किंवा एका बेअरिंगवर भागते. किंचाळीपर्यंत थांबलात तर दांडा घासतो आणि खर्च पाचपट होतो. मिस्त्री लोक काय करतात पाहिलेत का? लाकडाची हातभर दांडी घेऊन तिचे एक टोक बेअरिंगच्या झाकणावर टेकतात आणि दुसरे टोक कानामागच्या हाडावर. डॉक्टरच्या नळीसारखी आतली खरखर स्वच्छ ऐकू येते. मात्र हे करताना धोतराचा सोगा, उपरणे, पदर, वेणी यांपैकी काहीही फिरत्या भागाजवळ जाऊ देऊ नका. नसता कान वाचवायला जाऊन मान गमवाल.

चौथी तऱ्हा गुरगुर-गुळगुळ अशी, हुक्का ओढल्यासारखी. ओढीच्या पाइपाच्या जोडातून हवा आत शिरते आहे. जोडाला ओले शेण किंवा साबणाचा फेस लावून पाहावा. जिथे तो आत ओढला जातो तिथे भोक.

डिझेल इंजिनाविषयी लिहीत नाही; ती आता मोजकी उरली आहेत, आणि ज्यांच्याकडे आहेत त्यांचे कान माझ्यापेक्षा तयार आहेत.

गोठ्यातले आवाज याहून महत्त्वाचे, कारण तिथे जळते ते तांबे नव्हे. पावसाळ्याच्या तोंडाशी म्हैस चारा सोडून उभी राहिली, अंग तापले, गळ्याखाली सूज आली आणि श्वासाला घरघर लागली, तर ते घटसर्पाचे लक्षण असू शकते. डॉक्टरांचा स्ट्रायडर म्हणजे हाच. या रोगात जनावर एका दिवसातही दगावते. तेव्हा 'सकाळी पाहू' असे म्हणायला जागा नाही, रात्रीच पशुवैद्यकाला फोन करावा. त्याहून उत्तम म्हणजे पावसाळ्यापूर्वी दर वर्षी लस टोचून घेणे. फोनवर 'म्हशीला बरं नाही' एवढे सांगू नका. 'गळा सुजलाय आणि घरघर लागलीय' असे सांगा. या दोन शब्दांनी डॉक्टर जेवणाचे ताट बाजूला सारून निघेल.

गाय दात करकर खाते तेव्हा तिच्या पोटात दुखत असते. आणि जनावर उतारावर पाय टाकायला कचरते, उठता-बसता कण्हते, पुढचे कोपर अंगापासून दूर धरते, तेव्हा चाऱ्यातून तार किंवा खिळा पोटात गेल्याचा संशय घ्यावा. कडबाकुट्टीच्या आसपास तारांचे तुकडे टाकू नका, असे मी दर सभेला सांगतो आणि दर सभेनंतर कोणाच्या तरी गोठ्यात तारेने बांधलेली पेंढी पाहतो!

कोंबड्या पाळणाऱ्या भगिनींसाठी एक युक्ती. दिवसा खुराड्यात इतका कलकलाट असतो की आजारी पाखरू कळत नाही. रात्री सगळी पाखरे टेकली की दिवा न लावता खुराड्याशी दोन मिनिटे उभे राहावे. निरोगी कळपाचा आवाज जवळजवळ नसतोच. कुठून खरखर, घरघर किंवा शिंकल्यासारखी चिक् चिक् ऐकू आली तर श्वसनाचा विकार आला असे समजून ती पाखरे वेगळी काढावीत आणि दवाखान्यात दाखवावीत. राणीखेत रोगातही अशी खरखर असते, मग माना वाकड्या होऊ लागतात. तोवर फार उशीर झालेला असतो, म्हणून लसीचे वेळापत्रक चुकवू नये.

आणि कोकणातल्या वाचकांनी माडाला कान लावावा. चेष्टा करत नाही. सोंड्या भुंग्याची अळी खोडाच्या आत बसून गाभा पोखरते. बाहेरून माड हिरवागार दिसतो, पण खोडाला कान टेकला तर आत कुरतडल्याचा आवाज ऐकू येतो. खोडावर भोके, त्यांतून तांबूस चिकट स्राव आणि चघळलेला भुसा दिसला की खात्री पटते. नुसत्या कानाने रोग ओळखण्याचे याहून नमुनेदार उदाहरण मला ठाऊक नाही.

काही आवाजांनी अंगावर काटा का येतो, असेही भाचीने विचारले. फळ्यावर नख ओढले की सगळा वर्ग कानावर हात ठेवतो, तसा. यावर खरोखर शास्त्रज्ञांनी प्रयोग केलेला आहे. अमेरिकेत १९८६ साली लिन हॅल्पर्न, रॅन्डॉल्फ ब्लेक आणि जेम्स हिलेनब्रँड या तिघांनी लोकांना निरनिराळे आवाज ऐकवले आणि सर्वांत नकोसा कोणता ते विचारले. पहिला नंबर कोणाचा आला असेल? बागकामातले तीन दातांचे हत्यार पाटीच्या दगडावर हळूहळू ओढल्याचा! म्हणजे आपण खुरपे खडकावर घासतो तेव्हा जे होते तेच. आधी सर्वांना वाटत होते की त्यातला अगदी बारीक, उंच सूर काढून टाकला तर त्रास थांबेल. तो काढून पाहिला, तरी त्रास तेवढाच राहिला. खरा काटा मधल्या सुरांत होता. या संशोधनाला पुढे २००६ साली हसवता हसवता विचार करायला लावणाऱ्या संशोधनासाठीचे इग नोबेल पारितोषिक मिळाले. भाची म्हणाली, "मामा, तुमचं पत्रक त्यांना दाखवायला हवं होतं." पोरीची जीभसुद्धा ग्रेटिंग आहे.

इंग्रज माणूस हा शब्द माणसाच्या बोलण्यालाही लावतो. एखाद्याचे वागणे मनाला खुपले तर ते 'ग्रेट करते' म्हणतो. आपणही आवाजाचे शब्द असेच घरात आणले आहेत. पोर किरकिर करते, म्हणजे त्याला झोप तरी आली आहे किंवा कान तरी दुखतो आहे. गडी कुरकुर करतो, म्हणजे मजुरी थकली आहे. चैत्रात कणगीत खडखडाट होतो. आणि वहिनीचे बोलणे चरचरते ते खोटे असते म्हणून नव्हे, पुष्कळदा खरे असते म्हणून. मला तर गव्हाच्या त्या वावरात कोणी आवाज चढवून बोललेसुद्धा नव्हते. हळू आवाजात, चहाचा कप पुढे करीत सांगितलेली ती दोन वाक्ये आजही कानावर किसणीसारखी फिरतात.

त्या वस्तीवर मी गेल्या वर्षी पुन्हा गेलो होतो. आता तिथे बोअर आहे, मोटार जमिनीखाली शेकडो फुटांवर बसते आणि तिचा आवाज कोणाला ऐकू येत नाही. लेकीचे लग्न त्या वेळी वर्षभराने झाले. ती आता स्वतः दोन मुलांची आई आहे आणि सांगलीकडे द्राक्षबाग पाहते. वहिनी थकल्या आहेत, पण कान शाबूत. बोलता बोलता मध्येच थांबून सुनेला म्हणाल्या, "जा गं, पाइप बघ. थरथर येगळी लागतिया, पानी तुटाया आलं." सून उठून गेली. खरोखरच धार तुटू लागली होती आणि पाण्यात बारीक रेती येत होती. बोअरच्या पाण्यात रेती आली की ती पंपाच्या पंख्यांना कानशीसारखी घासते, तेव्हा लगेच मोटार बंद करून थोड्या वेळाने पुन्हा पाहावे. सुनेने तेच केले. मी त्यात काही सांगण्यासारखे उरलेच नव्हते.

हल्ली पुष्कळ जण फोनवर आवाज भरून मला पाठवतात. मोटारीचा, ट्रॅक्टरचा, म्हशीच्या श्वासाचा. जरूर पाठवावेत. पण फोनमध्ये वाऱ्याचा घोंघाट आणि कुत्र्याचे भुंकणेच जास्त येते. त्यापेक्षा बरोबर एक शब्द लिहा : घुमते, करकरते, खरखरते, गुळगुळते. मला निम्मे त्यातच कळते.

माझ्या वहीत एक जागा अजून रिकामी आहे. कांदा चाळीत सडू लागला की वासाने कळतो. पण साठवलेल्या ज्वारीत भुंगा लागला की रात्री कणगीजवळ एक अगदी बारीक आवाज येतो. किरकिर म्हणावे तर तो त्याहून मऊ, आणि सळसळ म्हणावे तर त्याहून कोरडा. आमच्या आईजवळ त्यासाठी एक शब्द होता, तो मी विसरलो. तुमच्या घरात कोणाला आठवत असेल तर, गावाचे नाव घालून, कार्डावर कळवा.